सांडपाण्याचा पाइप चिरलाय, गळतोय? पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

आमच्या सिंकचा पाइप मागच्या भिंतीवरून खाली गली ट्रॅपमध्ये (जमिनीतलं जाळीचं सांडपाण्याचं कुंड) उतरतो, त्याला साधारण कमरेच्या उंचीवर एक उभी चीर पडली होती, केसाएवढी. बघितल्यावर वाटलं हे काय, एमसील लावू. लावलं, चार महिने टिकलं, पावसाळ्यात परत सुटलं, परत वरून लावलं. असं दोन वर्षं चाललं आणि तोवर आतल्या बाजूला ओट्याखालच्या भिंतीचे पोपडे निघाले, ट्रॉली उघडली की कुबट वास, तांदळाच्या डब्याच्या बुडाला गंज. शेवटी एका रविवारी सकाळी तो भाग कापून नवा पाइप टाकला. दुपारच्या जेवणाआधी काम झालं, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ मोजण्यात गेला, कापण्या-चिकटवण्यात नाही. म्हणून हे लिहितेय, की चिरलेल्या पाइपला लेप लावत बसू नका, तो भाग कापून काढा, आणि कापायच्या आधी चीर का पडली ते शोधा, नाहीतर नवा पाइपही त्याच जागी चिरेल.

हे सगळं प्लॅस्टिकच्या म्हणजे पीव्हीसीच्या पाइपबद्दल आहे, सिंक, बेसिन, मोरी, वॉशिंग मशीन यांचं पाणी नेणारा, भिंतीच्या बाहेरून जाणारा, आणि जमिनीवर उभं राहून किंवा पक्क्या स्टुलावरून हात पोचेल असा. याच्या पलीकडचं कुठे थांबायचं ते पुढे सांगतेच.

आधी खात्री करा गळतंय कुठून

भिंत ओली दिसली म्हणजे सांडपाण्याचाच पाइप असं नाही. घरातले सगळे नळ बंद करा, तासभर कोणी पाणी वापरायचं नाही असं सांगा आणि बघा. तरीही थेंब पडतच असेल तर तो नळाच्या लाइनचा किंवा वरच्या टाकीचा प्रश्न आहे, त्याला हा लेख उपयोगाचा नाही. पाणी सोडल्यावरच ओलं होत असेल तर मात्र सांडपाण्याचा पाइप.

आता नेमकी जागा. पाणी पाइपच्या अंगावरून खाली ओघळतं त्यामुळे जिथून थेंब पडतो ती जागा बहुतेक वेळा खरी नसतेच. पाइप वरून खालपर्यंत फडक्याने कोरडा पुसून घ्या, मग वर्तमानपत्राच्या चार बोटं रुंद पट्ट्या फाडून प्रत्येक जॉइंटच्या खाली आणि मधल्या पाइपवर एक-दोन ठिकाणी गुंडाळा, रबरबँड लावा. एकाने आत सिंकला बूच लावून तो पूर्ण भरायचा आणि एकदम सोडायचा, दुसऱ्याने बाहेर उभं राहून बघायचं. सगळ्यात वरची जी पट्टी आधी भिजेल तिच्या जरा वर दुखणं आहे. आमच्याकडे खालच्या बेंडपाशी ठिबकायचं म्हणून आम्ही अगदी आधी बेंडलाच एमसील थापलं होतं आणि चीर होती दीड फूट वर, भिंतीकडच्या बाजूला, जिथे डोळा जात नाही. एक छोटा आरसा मागे धरला तेव्हा दिसली.

दोन-तीन ठिकाणचं पाणी एकाच पाइपात येत असेल तर कुणाचं गळतंय ते कळायला पाण्यात खायचा रंग घाला, सिंकमध्ये लाल, मोरीत हिरवा. बाहेर जो रंग आला तो तुमचा गुन्हेगार.

आणि ओल जर स्विचबोर्डाच्या जवळ असेल तर काहीही करायच्या आधी त्या बाजूचा एमसीबी पाडा. हे विसरू नका.

बाजारात जाईपर्यंत काय

सांडपाण्याच्या पाइपात दाब नसतो, पाणी नुसतं उतारावर वाहत असतं, म्हणून तात्पुरता इलाज सोपा आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापा, पाइप कोरडा करा, चिरेच्या खालून सुरू करून ताणत ताणत, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा येईल असा गुंडाळत वर जा आणि वर-खाली बाइंडिंगच्या तारेने आवळा. आठवडाभर आरामात निघतो. एमसील लावायचंच तर आधी चिरेच्या आजूबाजूला पॉलिश पेपर मारून जागा खरखरीत करा, दोन्ही गोळे सारखे घेऊन एकच रंग येईपर्यंत मळा आणि कोरड्या पाइपवर दाबून बसवा, कडक व्हायला दीड-दोन तास लागतात तोवर पाणी सोडायचं नाही. ओल्या किंवा चिकट तेलकट पाइपवर लावलेलं एमसील महिन्याभरात पापुद्र्यासारखं निघून येतं. पण हे दोन्ही तात्पुरतंच. चीर आतून वाढत राहते, वरचा लेप ती नुसती झाकतो.

इथे स्वतः हात घालू नका

पाइप पहिल्या मजल्याच्या वर असेल, शिडी लावून एका हाताने करवत चालवायला लागणार असेल, तर माणूस बोलवा. संडासची लाइन असेल तर बोलवा. बाथरूमच्या फरशीखाली स्लॅबमध्ये गाडलेला पाइप किंवा नहाणी ट्रॅप गळत असेल तर फरशी फोडणं, वॉटरप्रूफिंग, परत फरशी असं सगळं येतं, ते नवख्याचं काम नाही. (आपल्या नहाणीवरून आलेला हा नहाणी ट्रॅप शब्द सरकारी बांधकामाच्या इंग्रजी कागदांतही तसाच लिहितात, मला त्याचं फार अप्रूप वाटतं.)

जुन्या इमारतींमधे बीडाचे काळे जड पाइप असतात किंवा राखाडी सिमेंटच्या पत्र्यासारखे दिसणारे एसी पाइप. हे एसी पाइप ॲस्बेस्टॉसचे असतात, त्याला करवत किंवा ग्राइंडर लावलात की जी धूळ उडते ती फुप्फुसाला अतिशय वाईट, तेव्हा त्याला हातच लावू नका. बीडाचा पाइप कापताना वरचं वजन खाली येऊ शकतं, तेही माहितगाराचंच काम.

आणि ड्रेनेज चेंबर किंवा सेप्टिक टँक यात कोणत्याही कारणाने उतरायचं नाही, कुणाला उतरवायचंही नाही. आत जो वायू साठतो त्याने माणूस मिनिटभरात बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेलाही पडतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला असं आत उतरवणं गुन्हा आहे, तरी दरवर्षी बातम्या येतातच. मशीनची गाडी मागवा.

सोसायटीत राहत असाल तर कापायच्या आधी एक विचारून घ्या. आपल्याकडच्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक पाइपलाइनची आणि ड्रेनेज लाइनची गळती सोसायटीने तिच्या खर्चाने दुरुस्त करायची असते, फ्लॅटच्या आतलं ज्याचं त्याने. डक्टमधला उभा पाइप तुमच्या एकट्याचा नसतो, वरचे चार जण त्यात पाणी सोडत असतात, तुम्ही पाइप कापून बसलात आणि वरच्या काकूंनी मशीन सोडलं तर सगळं अंगावर. सेक्रेटरीला लेखी कळवा, फोटो जोडा.

चीर का पडली

आमच्या पाइपची कारणं एक सोडून तीन निघाली म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

पहिलं म्हणजे पाइपच चुकीचा होता. सांडपाण्यासाठी जो पाइप मिळतो त्याला दुकानात एसडब्ल्यूआर पाइप म्हणतात, त्याच्या अंगावर आयएस १३५९२ असा नंबर छापलेला असतो आणि पुढे टाइप ए किंवा टाइप बी. टाइप ए पातळ असतो, तो गच्चीच्या पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या पाइपसाठी. टाइप बी जाड, तो मैलापाणी आणि सांडपाण्यासाठी. ७५ मिमी पाइपात टाइप ए ची भिंत १.८ मिमीच्या आसपास आणि बी ची किमान ३.२, म्हणजे जवळपास पावणेदोन पट. आमच्याकडे बांधताना ए टाकला होता. बाहेरून दोन्ही सारखेच राखाडी दिसतात, छापलेलं पुसलं गेलं की कापलेलं टोक बघितल्याशिवाय कळत नाही.

दुसरं ऊन. ती भिंत पश्चिमेची, एप्रिल-मे मधे दुपारी पाइपला हात लावला तर चटका बसतो. पीव्हीसी उन्हाने फुगतं, ३ मीटर पाइप ३० अंशांच्या फरकाने साधारण ६ मिमी लांब होतो आणि रात्री परत आखडतो. आमच्या पाइपला दोन्ही बाजूंनी लोखंडी क्लॅम्प गच्च आवळलेले, पाइपला सरकायला जागाच नाही, मग तो कुठेतरी फाटणारच. शिवाय वर्षानुवर्षं ऊन खाऊन पाइप पांढुरका आणि ठिसूळ होतो, बोटाने घासलं तर खडूसारखी पूड येते. तसा झाला असेल तर नुसता तुकडा नका बदलू, उन्हातला सगळा बदला.

तिसरं गरम पाणी. आमच्याकडे रोज भाताची पेज, बटाटे उकडलेलं पाणी, कधी शेवयांचं, सगळं उकळतं तसंच सिंकमध्ये जायचं. हा पाइप ६० अंशांच्या पुढे नेहमी वापरायला बनवलेलाच नाही, उकळत्या पाण्याने तो मऊ पडतो, वाकतो, मग गार होऊन त्याच वाकड्या आकारात ताणलेला राहतो. आता आईने सवय लावलीय, उकळतं काही टाकायचं तर आधी नळ चालू करायचा आणि त्याच्याबरोबर सोडायचं.

आणखी एक कारण आमच्या शेजाऱ्यांकडे बघितलं, पिंपळ. जॉइंटच्या फटीत पक्ष्याच्या विष्ठेतून बी पडतं, तिथे कायमची ओल, बोटभर रोप दिसतं पण आत मुळं हातभर गेलेली असतात आणि ती जॉइंट उकलतात. वरून रोप तोडून उपयोग नाही, तो जॉइंट कापूनच काढावा लागतो. याशिवाय आडवा पाइप मधे लोंबत असेल, कुणाची शिडी किंवा गाडी घासली असेल, तर तेही बघा.

सामान

जुन्या पाइपचा कापलेला तुकडा किंवा निदान त्याचा घेर सुतळीने मोजून दुकानात न्या. इंचांच्या भरवशावर राहू नका, ७५ मिमीला कुणी अडीच इंची म्हणतो कुणी तीन इंची, आणि घरी येऊन कळतं की नव्वदचा आणलाय. घेर सेंटीमीटरमध्ये मोजून ३.१४ ने भागलं की बाहेरचा व्यास येतो, ७५ च्या पाइपला सुतळी साधारण साडेतेवीस सेंमी भरते.

तर ७५ मिमीचा टाइप बी पाइप, एका बाजूला सॉकेट (दुसरा पाइप आत बसेल असं रुंद तोंड) असलेला, आयएसआय मार्क बघून. बहुतेक दहा फुटी मिळतो, काही दुकानदार तुकडा कापून देतात पण सॉकेटची बाजू मागून घ्या. खाली बेंड लागत असेल तर बेंड, आणि शक्यतो डोअर बेंड घ्या, म्हणजे झाकण उघडून कधी तुंबलं तर साफ करता येतं, थोडे पैसे जास्त पडतात पण घ्याच. पीव्हीसीचं सोल्युशन, छोटी डबी पुरते. इथे एक चूक खूप जण करतात, घरात नळाच्या कामाचं उरलेलं सीपीव्हीसीचं सोल्युशन असतं तेच वापरतात. नका, पाइप पीव्हीसीचा तर सोल्युशनही पीव्हीसीचं. प्लॅस्टिकचे क्लॅम्प स्क्रू आणि (भिंतीच्या भोकात बसवायच्या) गिट्ट्यांसकट, हॅक्सॉ आणि बारीक दातांचं नवं पान, कानस, १०० किंवा १२० नंबरचा पॉलिश पेपर, टेप, मार्कर, रबरी हातमोजे, चष्मा, बादली, जुनी फडकी. ड्रिल मशीन शेजाऱ्यांकडून आणलं तरी चालतं.

दुकानदार विचारेल सेल्फिट की रिंगफिट. सेल्फिट म्हणजे सोल्युशनने चिकटवायचं सॉकेट, रिंगफिटमध्ये आत रबराची रिंग असते आणि पाइप नुसता सरकवून बसवायचा. नवख्याला छोट्या कामात सेल्फिट बरं. लांब उन्हातल्या पाइपला मात्र एखादा रिंगफिट जॉइंट असलेला चांगला, कारण तिथे पाइपला आखडायला फुगायला जागा मिळते.

कापणं

घरात सगळ्यांना सांगा, आणि सिंकच्या नळावर कागद चिकटवा, कारण सवयीने कुणीतरी हात धुतंच. दोन दिवसांत पाइपात ॲसिड किंवा तुंबलेलं काढायची पावडर टाकली असेल तर आधी भरपूर पाणी सोडून धुऊन काढा, नाहीतर कापताना अंगावर उडतं.

चीर दिसते त्याच्या पुढेही बारीक गेलेली असते. ओल्या फडक्यावर थोडी हळद घेऊन पाइपवर चोळा आणि पुसा, रेघेत पिवळं राहतं, तिचं टोक कळतं. त्या टोकाच्या वर चार बोटं सोडून कापायचं. आणि कापायच्या *आधी* त्याच्याही वर एक क्लॅम्प भिंतीत ठोकून वरचा पाइप धरून ठेवा. हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानते, कारण खालचा आधार गेला की वरचं सगळं वजन सिंकच्या एल्बोवर लटकतं आणि मग भिंतीतला जॉइंट सुटतो, म्हणजे छोट्या कामाचं मोठं काम.

सरळ कापायची युक्ती: वर्तमानपत्राची पूर्ण घडी पाइपभोवती गुंडाळा, तिच्या दोन्ही कडा एकमेकींवर बरोबर जुळवा, आणि त्या कडेने मार्करने गोल रेघ मारा. रेघ आपोआप काटकोनात येते. आता पान हलक्या हाताने चालवा, दाबायचं नाही, आणि एकाच बाजूने आरपार न जाता पाइपच्या भोवती थोडं थोडं फिरवत कापा. जुना पाइप ठिसूळ असतो, हिसका बसला तर नवीन चीर वर जाते. खाली बादली ठेवा, पाइपात साचलेला काळा गाळ पडतोच, वासही येतो.

आमच्या पाइपचं खालचं टोक गली ट्रॅपच्या जाळीवर नुसतं उभं होतं, गाडलेलं नव्हतं, त्यामुळे वरून कापल्यावर खालचा अख्खा तुकडा हातात आला. तुमचंही तसं असेल तर काम अगदी सोपं, फक्त एक जॉइंट.

मोजणं आणि कोरडं बसवून बघणं

कापलेल्या टोकाला आतून बाहेरून जी किस निघते ती कानशीने काढा. आतली किस ठेवलीत तर तिथेच केस, भाताची शितं अडकायला सुरुवात होते. बाहेरच्या कडेला सगळीकडून थोडा उतार द्या, पेन्सिलीला टोक काढतो तसा अगदी हलका, म्हणजे सॉकेटमध्ये जाताना सोल्युशन खरवडून पुढे ढकललं जात नाही.

नवा पाइप सॉकेटचं तोंड वर करून लावायचा, म्हणजे वरचा जुना पाइप सॉकेटच्या आत उतरतो आणि पाणी जॉइंटवरून सरळ आत जातं. उलटा लावला तर पाणी फटीच्या तोंडावर येऊन आदळतं. उभ्या आडव्या कुठल्याही पाइपला हाच नियम, पाणी जिकडून येतं तिकडे सॉकेटचं तोंड.

आता लांबी. इथेच चूक होते. आमच्या जुन्या पाइपच्या टोकापासून जाळीच्या वर जिथे पाइप संपायला हवा तिथपर्यंत अंतर ११८ सेंमी होतं. पण जुना पाइप सॉकेटच्या आत साडेचार सेंमी जाणार, म्हणजे नवा पाइप १२२.५ हवा. हे साडेचार धरायचं विसरलं की पाइप तेवढाच आखूड पडतो. तुमच्या सॉकेटची खोली टेपने आतून मोजा, आणि खाली बेंड लावणार असाल तर तो जमिनीवर पाइपला जोडून पूर्ण उंची मोजा. मी तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा कागदावर लिहिलं, दोन वेळा सारखं आलं तेव्हा कापलं.

मग सोल्युशन न लावता सगळं बसवून बघा. कोरड्यात पाइप सॉकेटमध्ये पूर्ण जाणार नाही, अर्ध्यापर्यंत गेला तरी माप बरोबर आहे. अगदी खडखड हलत असेल तर साइज किंवा कंपनी जुळत नाहीये, दुकानात परत जा. जुन्या पाइपवर सॉकेटच्या खोलीएवढ्या अंतरावर मार्करने खूण करा, आणि वरून खाली सरळ जाणारी एक उभी रेघ दोन्ही पाइपवर मारा म्हणजे बेंडचं तोंड नेमकं जाळीकडे येईल.

चिकटवणं

जुन्या पाइपचं टोक आणि सॉकेटचा आतला भाग पॉलिश पेपरने घासा, चकाकी गेली पाहिजे. कोरड्या फडक्याने पुसा. टोकाला ओल असेल तर थांबा, अर्धा तास वाळू द्या, वरून पाण्याचा एखादा थेंब येत असेल तर पाइपात आत वर जुन्या कापडाचा बोळा सारून ठेवा, पण त्याला सुतळी बांधून ती बाहेर सोडा आणि जॉइंट चिकटवायच्या आधी ओढून काढा. पाऊस चालू असताना हे काम करूच नका.

सोल्युशन पाइपच्या टोकाला सगळीकडून भरपूर आणि सॉकेटच्या आत पातळ. आत जास्त लावलं तर ते दाबलं जाऊन पाइपच्या आत गोळा होतं. डबीचं झाकण लगेच लावा, वाफ पेट घेणारी असते, जवळ गॅस, उदबत्ती, बिडी काही नको, आणि वास नाकात जाणार नाही असं वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा.

यापुढे घाई. नवा पाइप खालून वर सरळ दाबत पाव वळसा फिरवा आणि उभ्या रेघा जुळवून खुणेपर्यंत नेऊन बसवा. अर्धा मिनिट घट्ट धरून ठेवा, लगेच सोडलात तर पाइप थोडा मागे सरकतो, अगदी हाताला जाणवतो. जॉइंटच्या कडेला सोल्युशनची एक बारीक माळ सगळीकडून दिसली पाहिजे, कुठे तुटली असेल तर तिथे कमी पडलंय. जादाचं फडक्याने पुसून टाका. दोन-तीन मिनिटांनी वाकडं दिसलं म्हणून फिरवायला जाऊ नका, जॉइंट फुटतो, परत कापायला लागतो.

संध्याकाळपर्यंत पाणी सोडायचं नाही, शक्य असेल तर रात्रभर. गरम पाणी दुसऱ्या दिवशी सकाळनंतरच.

दोन्ही टोकं पक्की असतील तर

वर भिंतीत आणि खाली जमिनीत पाइप गाडलेला असेल आणि मधलाच तुकडा बदलायचा असेल तर पाइप वर-खाली हलत नाही, मग साधा कपलर (दोन पाइप जोडणारा छोटा नळकांडा) घालता येत नाही कारण त्याच्या मधे आत एक कडा असते आणि पाइप तिथे अडतो. यासाठी रिपेअर कपलर मागा, त्यात मधली कडा नसते, आत दोन्हीकडे रबरी रिंगा असतात. तो आधी जुन्या पाइपवर पूर्ण सरकवून ठेवायचा, नवा तुकडा जागेवर धरायचा आणि मग कपलर मागे ओढून जोडावर मधोमध आणायचा. नवा तुकडा मोकळ्या जागेपेक्षा अर्धा-पाऊण सेंमी आखूड कापा. रिंगला साबणाचं दाट पाणी लावा, तेल किंवा ग्रीस नको, रबर फुगतं. जोडापासून दोन्ही बाजूंना अर्ध्या कपलरएवढ्या अंतरावर खुणा आधीच करून ठेवा नाहीतर कपलर मधे आलाय का एकीकडे गेलाय ते कळत नाही.

क्लॅम्प आणि तपासणी

उभ्या पाइपला दर दीड-दोन मीटरवर एक क्लॅम्प, आडव्याला पाऊण मीटरच्या आसपास. पाइप क्लॅम्पमध्ये हाताने ओढला तर थोडा सरकला पाहिजे, पण खडखडता कामा नये. आडव्याला उतार एक मीटरला अडीच सेंमी धरा. त्याहून कमी ठेवलात तर गाळ बसतो.

दुसऱ्या दिवशी तीच वर्तमानपत्राची परीक्षा परत, पट्ट्या गुंडाळा, सिंक भरा, एकदम सोडा, तीनदा. पट्ट्या तशाच ठेवून संध्याकाळी हात लावून बघा. कोरड्या असतील तर पाइपला बाहेरून पाण्यात मिसळणारा फिकट रंग द्या, आधी पॉलिश पेपर मारून, ऊन लागणाऱ्या भिंतीवर पाइपचं आयुष्य त्याने नक्की वाढतं. मी मार्करने पाइपवर महिना-साल लिहून ठेवलंय, पुढे कुणाला विचारायला नको.

ओट्याखालचा पाइप गळत असेल तर

हे बाहेरच्यापेक्षा कितीतरी सोपं. सिंकच्या खाली जो घड्यांचा लवचिक पाइप असतो तो चिरला तर चिकटवू नका, नवाच आणा, स्वस्त असतो. बहुतेक वेळा घडीत तेल साचून तिथे फाटतो किंवा उंदीर कुरतडतो, कुरतडलेली कड दातेरी दिसते, मग भिंतीतलं भोकही जाळी आणि सिमेंटने बंद करा नाहीतर महिन्याभरात परत. सिंकच्या कपलिंगला तो साधारण दीड इंची लागतो, बेसिनला सव्वा इंची. वरचं चाक हाताने फिरवूनच आवळा, पान्याने नको, प्लॅस्टिकचा आटा मोडतो. आतलं रबराचं वॉशर उलटं नाही ना बघा. पाइपला मधे एक खोलगट वळण राहील असं ठेवा, त्यात पाणी साचून राहतं म्हणूनच गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. आणि जिथे तो भिंतीतल्या पाइपात शिरतो तिथे नुसता खुपसून ठेवू नका, रबरी बूच मिळतं ते बसवा.

भिंत

गळती थांबली म्हणजे भिंत लगेच कोरडी होत नाही. आमची भिंत वाळायला पावसाळा संपल्यावर पूर्ण दोन महिने लागले. पोपडे खरवडून काढा, सैल प्लॅस्टर हातोडीच्या मागच्या बाजूने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर पाडा, ट्रॉल्या बाहेर काढून पंखा लावा आणि तशीच उघडी ठेवा. पांढरे क्षार येत राहतील, कोरड्या ब्रशने झाडत राहा, पाण्याने धुऊ नका. रात्री भिंतीला प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा, सकाळी आतून दव आलं असेल तर अजून ओल आहे. दोन-तीन वेळा कोरडा निघाला की मग पुट्टी आणि रंग.